कंद नसलेले फूल

काळ्या पार्श्वभूमीवर ट्यूलिपची एक कळी दिसते. ती सावकाश उमलते, पाकळ्यांवर पट्टे उमटतात, रुंदावतात आणि पुन्हा विरून जातात. फूल इतके हुबेहूब, की त्यावर दवाचा थेंब शोधावासा वाटावा. परंतु हे फूल कोणत्याही वाफ्यात उगवलेले नाही. त्याला कंद नाही, मुळे नाहीत, गंध नाही. त्यावरील पट्टे कमी-अधिक होतात ते ऊन-पावसामुळे नव्हे, तर बिटकॉइन या आभासी चलनाच्या बाजारभावानुसार. ॲना रिडलर या ब्रिटिश कलावतीने २०१८-१९ च्या सुमारास संगणकाच्या साहाय्याने निर्मिलेल्या या चलत्-चित्राचे नाव आहे ‘मोझेइक व्हायरस’.

डिजिटल कलेविषयी आपल्याकडे दोनच प्रकारची मते ऐकू येतात. एका पक्षाला यंत्राने काढलेले प्रत्येक चित्र म्हणजे प्रगतीचे शिखर वाटते. दुसऱ्या पक्षाला ती निसर्गाची आणि कलेची विटंबना वाटते. मी कलासमीक्षक नाही. माझी हयात बँकेत गेली आणि त्यातील बराच काळ माल तारण ठेवून कर्ज घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गोदामांची पाहणी करण्यात गेला. स्टॉक स्टेटमेंटवर पोत्यांचा आकडा कितीही सुबक लिहिलेला असो, गोदामात जाऊन पोती मोजल्याशिवाय सही करायची नाही, ही त्या कामाची शिस्त. संगणकाच्या पडद्यावरील फुलाकडेही मी याच सवयीने पाहतो. या सौंदर्याच्या मागे प्रत्यक्ष माल कोणता आहे, तो कोणी पिकवला, आणि त्याचा खर्च कोणाच्या खाती पडला, एवढेच मला विचारावेसे वाटते. रिडलरबाईंच्या ट्यूलिपपासून सुरुवात करण्याचे कारण असे की, या प्रश्नांना टाळाटाळ न करता उत्तर देणाऱ्या मोजक्या कलाकृतींपैकी ती एक आहे. तिचे मर्म समजून घ्यायचे तर आपल्याला जवळजवळ चारशे वर्षे मागे, हॉलंडच्या कंदबाजारात जावे लागेल. व्यापारी घराण्यातील वाचकांना तो प्रवास कंटाळवाणा होणार नाही.

रोगातून उमललेले सौंदर्य

ट्यूलिप हे मूळचे हॉलंडचे फूल नव्हे. मध्य आशियातील डोंगरउतारांवरचे हे रानफूल तुर्की बागांतून युरोपात आले. वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लूसियस हा १५९३ मध्ये लायडन विद्यापीठाच्या बागेत रुजू झाला, त्याने तेथे लावलेले कंद पुढच्या वसंतात फुलले आणि डच धनिकांना या फुलाचे वेड लागण्यास आरंभ झाला. एकरंगी फुलांचे त्यांना फारसे कौतुक नव्हते. त्यांना हवे होते ते ‘फुटलेले’ फूल. पांढऱ्या वा पिवळ्या पाकळीवर तांबड्या किंवा जांभळ्या रंगाच्या ज्वाळा उठल्यासारखे. ‘सेम्पर ऑगस्टस’ हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. शुभ्र पाकळीवर रक्तवर्णी रेषा असलेले.

गंमत अशी की हे पट्टे कोणालाही मागणी करून मिळत नसत. लाल फूल देणारा कंद एखाद्या वर्षी अचानक पट्टेरी फूल देई. माळी नाना युक्त्या करून पाहत आणि ज्याला यश येई त्यालाही ते कशामुळे आले हे सांगता येत नसे. शिवाय पट्टेरी फुलाचा कंद अशक्त होत जाई आणि त्याला पिल्ले कमी येत. मागणी वाढती, पुरवठा घटता. अशा मालाचे काय होते हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

१६३६ च्या हिवाळ्यात या व्यापाराने सट्ट्याचे रूप घेतले. ट्यूलिपचे कंद जूनच्या सुमारास जमिनीतून काढतात आणि शरद ऋतूत पुन्हा लावतात. हिवाळाभर माल जमिनीखाली असतो. त्यामुळे गुत्त्यांमध्ये बसून जो व्यवहार चाले, तो केवळ चिठ्ठ्यांचा. विकणाऱ्याजवळ कंद नाही, घेणाऱ्याजवळ पैसे नाहीत, आणि दोघांचाही हेतू ती चिठ्ठी तिसऱ्याला चढ्या भावाने देण्याचा. डच लोकांनीच या धंद्याला ‘वाऱ्याचा व्यापार’ असे नाव दिले होते. एखाद्या कुशल कारागिराची वर्षाची कमाई तीनशे गिल्डरच्या आसपास असताना ‘सेम्पर ऑगस्टस’च्या एका कंदाला दहा हजार गिल्डर भाव सांगितला गेल्याची नोंद आहे. ५ फेब्रुवारी १६३७ रोजी आल्कमार गावी वाउटर विंकेल नामक मृत गुत्तेवाल्याच्या अनाथ मुलांसाठी त्याच्या कंदांचा लिलाव झाला आणि नव्वद हजार गिल्डरांच्या घरात रक्कम बोलली गेली. परंतु त्याच आठवड्यात हार्लेम येथे बोली लावण्यास कोणी पुढे आले नव्हते. बातमी पसरली आणि बाजार बसला. पुढील वर्षी हार्लेमच्या नगरसभेने तोडगा काढला: करारातील किमतीच्या साडेतीन टक्के भरा आणि करारातून मोकळे व्हा. यामुळे देश भिकेला लागला, लोकांनी कालव्यात उड्या घेतल्या, अशा कथा पुढे पुष्कळ रंगल्या. ॲन गोल्डगार या इतिहास-संशोधिकेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जुनी कागदपत्रे तपासून त्यांतील बहुतेक अतिशयोक्ती खोडून काढली आहे. मोडला तो मुख्यत्वे आपसांतील विश्वास.

मला या इतिहासात एका गोष्टीचे विशेष वाटते. माल जमिनीखाली आणि फूल दिसण्यास अजून कित्येक महिने, मग गिऱ्हाइकाला दाखवायचे काय? यासाठी ट्यूलिपची चित्रपुस्तके तयार झाली. चित्रकार प्रत्येक जातीचे फूल जलरंगात काढीत आणि व्यापारी ते पान उलगडून दाखवीत. पी. कॉस या हार्लेमच्या कंदव्यापाऱ्याचे १६३७ चे असे एक पुस्तक वाखेनिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेले असून त्यातील काही चित्रांना कंदाचे वजन आणि भावही जोडलेले आहेत. म्हणजे फुलाऐवजी फुलाच्या चित्रावर पैसा लावणे, ही काही संगणकयुगाची देणगी नव्हे.

त्या पट्ट्यांचे रहस्य उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९२८ मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेतील डोरोथी केली या संशोधिकेने दाखवून दिले की, हा संसर्गजन्य रोग आहे. त्याचा विषाणू पाकळीतील वरचा रंग ठिकठिकाणी दाबून टाकतो आणि खालचा पांढरा किंवा पिवळा थर उघडा पडतो. या विषाणूचा प्रसार मावा करतो. ज्या ज्वाळांसाठी घरे विकायला लोक तयार झाले, त्या रोगाच्या खुणा होत्या. रोग कळला, तसा त्याचा बंदोबस्तही झाला. आजचा डच शेतकरी पट्टे पडलेले रोप दिसताच उपटून टाकतो. श्रीनगरला दल सरोवराच्या परिसरातील ट्यूलिप उद्यान आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी पाहिले असेल. आज बाजारात सर्रास मिळणारे पट्टेरी ट्यूलिप हे निवडपैदाशीने घडवलेले, निरोगी आणि दरवर्षी तसेच्या तसे उमलणारे असतात. ‘सेम्पर ऑगस्टस’ मात्र पृथ्वीतलावरून नाहीसा झाला. राहिली आहेत ती त्याची चित्रे.

दहा हजार फुलांची हजेरी

आता पुन्हा रिडलरबाईंकडे वळू. संगणकाला ट्यूलिप ‘कल्पिण्यास’ शिकवायचे तर त्याला आधी खऱ्या ट्यूलिपची हजारो छायाचित्रे दाखवावी लागतात. आजकाल बहुतेक लोक ती इंटरनेटवरून गोळा करतात. चित्र कोणी काढले, त्याची अनुमती घेतली काय, याची विचारपूस सहसा होत नाही. रिडलरबाईंनी हा मार्ग टाळला. २०१८ च्या ट्यूलिपच्या हंगामात त्या नेदरलँड्समध्ये राहिल्या, बाजारातून फुले आणली आणि एकेका फुलाचे छायाचित्र स्वतः घेतले. एकूण दहा हजार. प्रत्येक छायाचित्राखाली फुलाचा रंग कोणता, पट्टे आहेत की नाहीत, याची नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. ही छायाचित्रे भिंतीवर ओळीने मांडून त्यांनी ‘मिरियड’ या नावाने तो स्वतंत्र कलाकृती म्हणून प्रदर्शित केला. ‘मिरियड’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच दहा हजार.

मला विचाराल तर, त्या चलत्-चित्रापेक्षा ही भिंत मोठी कलाकृती आहे. यंत्राच्या फुलामागचा सर्व साठा तिथे उघडा मांडलेला आहे. कोणीही जावे आणि मोजून घ्यावे. त्या हस्तलिखित नोंदींत एक अडचणही उघड होते. अमुक फूल पांढरे म्हणावे की फिकट गुलाबी? फिकट गुलाबी की नारिंगी? पहिल्या शंभर फुलांच्या वेळी मन जसे निर्णय देते, तसे ते नऊ हजाराव्या फुलाच्या वेळी देईलच असे नाही. दिवसभर चलन मोजणाऱ्या रोखपालाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. यंत्र वस्तुनिष्ठ असते असे आपण सहज म्हणून जातो. त्याच्या पायाशी एका थकलेल्या मनुष्याचे दहा हजार छोटे निर्णय असतात, हे ही भिंत दाखवते.

या छायाचित्रांवरून नवे फूल तयार करणारी जी संगणकीय पद्धत आहे, तिची कल्पना इयान गुडफेलो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडली. तिच्यात दोन भाग परस्परविरोधी काम करतात: एक नकली चित्र तयार करतो, दुसरा ते खरे की खोटे हे ओळखू पाहतो. पकडले गेले की पहिला अधिक सफाईने नक्कल करतो. फसवले गेले की दुसरा अधिक बारकाईने पाहू लागतो. बनावट नोटा छापणारे आणि त्यांचा माग काढणारे पोलीस, अशी उपमा या संशोधकांनीच दिली होती. अखेर अशी वेळ येते की पारखणाऱ्याला फरक कळेनासा होतो आणि जगात नसलेले एक ट्यूलिप पडद्यावर उमलते. त्याच्या पाकळीवरील पट्टे आता विषाणू ठरवत नाही. बिटकॉइनचा भाव ठरवतो. चारशे वर्षांपूर्वी पट्ट्यांवरून भाव ठरत असे. येथे भावावरून पट्टे ठरतात. व्यापारावर याहून मार्मिक टीका मी पाहिलेली नाही, आणि ती करताना कलावतीने एकही शब्द वापरलेला नाही.

२०१९ मध्ये रिडलरबाईंनी डेव्हिड फाऊ या संशोधकाच्या सहकार्याने पुढचे पाऊल टाकले. ‘ब्लूमेनफायलिंग’, म्हणजे डच भाषेत फुलांचा लिलाव, या नावाने त्यांनी यंत्रनिर्मित ट्यूलिपची छोटी चलत्-चित्रे इथेरियम या संगणकीय जाळ्यावर लिलावात काढली. जो विकत घेई त्याच्याकडे ते फूल एक आठवडा राही आणि मग करपून जाई. खऱ्या ट्यूलिपचे आयुष्यही फुलदाणीत साधारण तेवढेच.

यानंतर दोनच वर्षांनी, ११ मार्च २०२१ रोजी, क्रिस्टीज या लिलावगृहाने ‘बीपल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन कलाकाराची एक डिजिटल प्रतिमा सहा कोटी त्र्याण्णव लाख डॉलरना विकली. घेणारा तामिळनाडूत वाढलेला आणि सिंगापुरात स्थायिक झालेला संगणकतज्ज्ञ विघ्नेश सुंदरेसन. बोली शंभर डॉलरपासून सुरू झाली होती. ती प्रतिमा तुम्ही-आम्हीही फुकट पाहू शकतो. विकत मिळाली ती मालकीची नोंद. तेव्हा कंदबाजाराची आठवण अनेकांना झाली. त्या विषयात मी येथे शिरत नाही, कारण तो पैशाचा प्रश्न आहे आणि ज्याचे पैसे त्याने पाहावे. निसर्गाचे जे देणे लागते, ते मात्र विकत घेणाऱ्याच्या खात्यातून वळते होत नाही.

विजेचे बिल कोणाच्या नावावर

हे देणे म्हणजे वीज. इथेरियमवरील प्रत्येक व्यवहार एका सामाईक खातेवहीत नोंदला जातो. बँकेत खातेवही लिहिणारा एक असतो आणि तपासणारा दुसरा. या जाळ्याच्या त्या काळच्या पद्धतीत मात्र खातेवहीचे पुढचे पान लिहिण्याचा मान मिळावा म्हणून जगभरातील असंख्य संगणक एकाच वेळी एक अवघड कोडे सोडवण्याच्या शर्यतीत उतरत. एक जिंकत असे. उरलेल्या सर्वांची आकडेमोड वाया जात असे आणि तिच्यासाठी जळालेली वीजही. एका शाखेत दहा हजार कारकून बसवावेत, सर्वांनी तेच पान लिहावे, एकाचे ठेवून बाकीच्यांचे फाडून टाकावे आणि पगार मात्र सर्वांचा चालू राहावा, असा हा कारभार होता.

जोआनी लमेर्सिए या फ्रेंच कलावंताची कहाणी येथे सांगण्याजोगी आहे. प्रकाशझोतांनी पर्वत उभे करणारा हा कलावंत. आइसलँडचा ज्वालामुखी, जपानचा फुजी पर्वत हे त्याच्या प्रकाशचित्रांचे विषय. निसर्गाची भव्यता डिजिटल साधनांनी दाखवणे हेच त्याचे जीवितकार्य म्हणता येईल. जर्मनीतील हाम्बाख येथे लिग्नाइट कोळशाच्या खाणीपायी प्राचीन अरण्य तोडले जात होते, त्याविरुद्धच्या लढ्यात त्याने आपली कला उतरवली होती. आपल्या स्टुडिओचा वीजवापर तो जपून मोजत असे आणि तो कमी करण्याचा त्याचा प्रयत्न चालू होता. अशा माणसाने सहा छोट्या चलत्-चित्रांच्या मर्यादित प्रती या नव्या पद्धतीने विक्रीस काढल्या. काही क्षणांत त्या संपल्या. नंतर त्याने हिशेब केला तेव्हा त्या विक्रीचा वीजखर्च ८.७ मेगावॅट-तास निघाला. त्याच्या स्टुडिओला दोन वर्षे पुरेल एवढा. आपल्या बिलाच्या भाषेत ८,७०० युनिट. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घरात ही वीज साडेतीन वर्षांहून अधिक काळ पुरली असती. २०२१ च्या प्रारंभी त्याने हे आकडे जाहीर केले आणि पुढच्या नियोजित विक्री रद्द केल्या. मिळकत हातातोंडाशी आलेली असताना हिशेब तपासून माघारी फिरणारा माणूस कलाक्षेत्रातच नव्हे, कोणत्याही क्षेत्रात विरळा.

त्याच्या हिशेबावर आक्षेप घेतला गेला आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. हे जाळे रात्रंदिवस चालूच असते. एखादा व्यवहार कमी झाला म्हणून वीज वाचत नाही. मग सगळा भार त्या एका व्यवहारावर टाकणे कितपत न्याय्य? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परिचयाचा आहे. स्थिर खर्चाची वाटणी कशी करावी, यावर आम्ही परीक्षेत पानेच्या पाने लिहिली. एक उतारू चढला नाही म्हणून एस.टी.चे डिझेल वाचत नाही, हे खरेच. पण उतारूंची रांग लांबली की आगार जादा गाडी सोडते. गर्दी वाढवणाऱ्याला त्या जादा गाडीचा खर्च नाकारता येत नाही. म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी लमेर्सिएचे म्हणणे मला मूलतः योग्य वाटते.

पुढे जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती शर्यतीची पद्धतच बंद केली. आता खातेवहीचे पान लिहिण्याचा अधिकार अनामत ठेवणाऱ्यांपैकी एकाला सोपवला जातो. यामुळे जाळ्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. बदलाचा विचार संस्थेत आधीपासून चालू होता हे मान्य. परंतु कलावंतांनी जाहीरपणे विचारलेल्या प्रश्नांनी लाज वाटण्यास मदत केली असेल, असे मानण्यास मला हरकत वाटत नाही. यंत्रशास्त्राने केलेला अपव्यय यंत्रशास्त्रानेच दुरुस्त केला. जे लोक प्रत्येक नव्या साधनाकडे पाठ फिरवतात, त्यांनी या घटनेकडेही पाहावे.

तेवढ्यात दुसरे दार उघडले. आज कोणीही चार शब्द लिहून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून हिमालयातील सूर्योदय काढून घेतो, नापसंत झाला तर दुसरा मागतो, मग तिसरा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जगातील डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या तो साधारण दीड टक्का होतो, आणि २०३० पर्यंत तो आकडा दुपटीहून अधिक होण्याची चिन्हे आहेत. यात बँकांचे, दवाखान्यांचे, रेल्वेच्या आरक्षणाचे, सगळ्यांचेच काम आले. चित्रांचा वाटा लहान आहे. एका चित्राचा खर्च तर नगण्य. पण नळ टपकत असेल तर थेंब नगण्य म्हणून आपल्या आजीने तो तसा सोडला नसता. पाणी आणि दिवा वापरताना जयणा पाळावी, हे आपल्या घरांत वेगळे शिकवावे लागत नसे. पडद्यावरील सूर्योदयाला मीटर नाही, म्हणून तो फुकट वाटतो, एवढेच.

दुसरी एक हानी मोजता येत नाही, तरी मला ती वीजखर्चाहून गंभीर वाटते. यंत्राला हजारो सूर्योदय दाखवलेले असल्यामुळे तो सर्वांना आवडेल असाच सूर्योदय काढतो. ढग नेमके तांबूस, पाणी नेमके निश्चल, कोपऱ्यात एक होडी. अशा दृश्यांची डोळ्यांना सवय झाल्यावर आपल्या गावच्या धरणावरचा धुरकट, मळकट सूर्योदय अपुरा वाटू लागतो. नातवंडांना सह्याद्रीत घेऊन जावे, तर ती म्हणतात, फोनमध्ये रंग जास्त छान आहेत.

पलंगावरून दिसणारी पहाट

मग चित्रकाराने ही साधने हाती घेऊच नयेत काय? डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराचे काम पाहिल्यावर असे म्हणवत नाही. १९३७ मध्ये यॉर्कशरच्या ब्रॅडफर्ड गावी जन्मलेला, कॅलिफोर्नियातील जलतरण तलावांच्या चित्रांनी गाजलेला हा कलावंत उतारवयात पुन्हा यॉर्कशरच्या ग्रामीण भागात येऊन राहिला. सत्तरी ओलांडल्यावर त्याने प्रथम आयफोनवर आणि २०१० मध्ये आयपॅड येताच त्यावर बोटाने चित्रे काढण्यास आरंभ केला. कारण साधे होते. पहाटे अंथरुणात असताना खिडकीतून उजाडताना दिसे; रंग, ब्रश, पाणी जमवून दिवा लावेपर्यंत तो प्रकाश निघून जाई. पडदा मात्र स्वतःच उजळलेला असतो. अंधारात बसून उजेड काढता येतो. येथे यंत्र निसर्गाच्या आड आले नाही. ते चित्रकाराला पहाटेच्या जवळ घेऊन गेले.

१८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरून ठेवण्याची धातूची नळी शोधून काढली, तेव्हाही असेच झाले होते. नळीतला रंग खिशात टाकून चित्रकार खोलीबाहेर पडले, शेताच्या बांधावर जाऊन बसले. मोने आणि त्याच्या सोबत्यांची सारी उघड्यावरची चित्रकला त्या नळीची ऋणी आहे.

२०११ च्या जानेवारीपासून जूनच्या आरंभापर्यंत हॉकनी वोल्डगेट नावाच्या एका साध्या, झाडांनी वेढलेल्या रस्त्यावर वारंवार जात राहिला आणि वसंताचे आगमन आयपॅडवर टिपत राहिला. त्यांतील ५१ चित्रे मोठ्या आकारात छापून, ३२ कॅनव्हासांनी मिळून बनलेल्या एका प्रचंड तैलचित्रासह, लंडनच्या रॉयल अकादमीत २०१२ मध्ये मांडली गेली. प्रत्येक चित्राची ओळख म्हणजे त्याची तारीख. मी ती पुस्तकातील छपाईत पाहिली आहेत. काहींतला हिरवा रंग मला भडक वाटतो, आणि पडद्यावरची रेघ मोठ्या कागदावर चढवली की तिची जान थोडी कमी होते हेही लक्षात येते. तरीही एका तारखेला कोवळी पालवी आणि पुढच्या तारखेला तिने झाकलेली फांदी पाहताना, हा माणूस खरोखर तेथे उभा होता याबद्दल शंका राहत नाही. गोदामाची पाहणी झालेली आहे.

त्या परिसरातील एक उंच वाळका बुंधा त्याने अनेक चित्रांत आणला होता; त्याला तो ‘टोटेम’ म्हणे. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये कोणा अज्ञात इसमांनी त्यावर रंग फासला आणि करवतीने तो कापून टाकला. पुढच्या वर्षीचा वसंत हॉकनीने पुन्हा चितारला, परंतु या वेळी आयपॅड बाजूला ठेवून कोळशाने, केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांत, पंचवीस रेखाचित्रांत. पुढे २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, बयाऐंशी वर्षांचा हा गृहस्थ फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील आपल्या घराभोवतीची फळझाडे पुन्हा आयपॅडवर काढत बसला. त्या वसंताची ११६ चित्रे झाली. साधन बदलत गेले, पुन्हा जुने आले, पुन्हा नवे. झाडासमोर जाऊन उभे राहणे तेवढे कधी बदलले नाही.

विषय ट्यूलिपचा होता. पट्टेरी ट्यूलिपची चित्रेच उरली असे मी वर म्हटले, ते ‘सेम्पर ऑगस्टस’पुरते खरे आहे. नेदरलँड्समधील लिमेन या गावी ‘होर्टस बुल्बोरम’ नावाची एक बाग आहे. बाजाराने टाकून दिलेल्या जुन्या जातींचे कंद तेथे दरवर्षी लावले जातात. ‘झोमरस्कोन’ ही १६२० च्या सुमाराची पट्टेरी जात तेथे अद्याप जिवंत आहे. सट्ट्याच्या त्या हिवाळ्यात ती जमिनीखाली होती आणि आजही आहे. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्येच, हॉकनीच्या ब्रॅडफर्डपासून फार दूर नाही अशा वेकफील्ड गावी, १८३६ पासून चालत आलेली एक ट्यूलिप मंडळी आहे. विषाणूने पट्टे पडलेली जुनी इंग्रजी फुले हे सभासद आपापल्या परसात सांभाळतात, निरोगी वाफ्यांपासून अंतर ठेवून. कंद सभासदांकडून सभासदांकडे जातात. मे महिन्यात त्यांचे प्रदर्शन भरते. तेथे काचेच्या नक्षीदार फुलदाण्या नसतात. परंपरेप्रमाणे प्रत्येक फूल बियरच्या रिकाम्या, तपकिरी बाटलीत उभे केलेले असते. आपल्या वाचकांना ती बाटली रुचणार नाही. फुलावरून मात्र नजर हटणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहू म्हटले तर ते तेथे नसेल.